रेंदूळ आणि आमचं खारं रान

माती परीक्षणाचा कागद आला तेव्हा मी दुकानात साडेसात एचपीच्या एका मोटारीच्या स्टेटरमधून जळकी तार उपसत होतो. हात काळे होते, म्हणून लेकीला म्हटलं, तूच वाच. तिनं वाचलं, "सामू ८.३. विद्युत वाहकता ९.२ डेसीसायमन प्रति मीटर." मग कागद खाली धरून विचारलं, "पप्पा, आपल्या रानातनं करंट जातो?"

जातो. मातीतल्या पाण्यात मीठ विरघळलेलं असतं, त्या मिठातून वीज वाहते, आणि वीज किती सहज जाते यावरूनच प्रयोगशाळेत मिठाचा अंदाज काढतात. आकडा ४ च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त धरतात. आमचा दुपटीहून जास्त. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आकडा सांगितला तेव्हा ते काही बोलले नाहीत. चप्पल पायात सरकवून बाहेर गेले. मी २२ वर्षं मोटारी भरतोय, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळतोय. तार, गेज, इन्सुलेशन यातच माझा दिवस उगवतो आणि मावळतो. तरी आपलं रानच एक वाहक आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आठवीतल्या पोरीनं विचारल्यावर आलं.

रेंदूळ त्या प्रश्नातून जन्माला आलं. दुसऱ्या एका ग्रहावरच्या दलदलीत राहणारा हा जीव आम्ही बापलेकीनं मिळून अडीच वर्षांत घडवला. २०० पानी वही भरत आलीय. पाहुण्यांत, गिऱ्हाइकांत विचारणा होते की हे काय चाललंय, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतो.

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णेपासून अडीच किलोमीटरवर. सव्वातीन एकरांतलं दीड एकर खोलगट. काळी खोल माती, वर्षानुवर्षं ऊस, पाटानं मोकळं पाणी, आणि त्या पाण्याला निघून जायला वाट नाही. जमिनीतलं पाणी वर चढतं, त्याच्याबरोबर मीठ चढतं, ऊन पाणी ओढून घेतं आणि मीठ वर राहतं. वाळवा, पलूस, मिरज, खाली शिरोळ, या पट्ट्यात अशी रानं किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात पांढरा फुफाटा, पावसाळ्यात गुडघाभर रेंदा. आप्पा त्या तुकड्याला "मेलंय ते" म्हणतात आणि बांधावरूनच माघारी फिरतात.

मला ते कधी मेलेलं वाटलं नाही. रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात मोटार चालू करायला मी त्याच बांधावरून जातो. पाणकणसात सळसळ असते, शेकाट्या झोपेतून उठून ओरडतात, पाय पडला की रेंद्यातून बुडबुडे येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. लेक बरोबर असली की बॅटरीचा झोत त्या बुडबुड्यांवर धरते. एकदा म्हणाली, "खाली कोणतरी श्वास सोडतंय." आणि ते अक्षरशः खरं आहे. अशा चिखलात बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. मग तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, ते संपलं की मँगनीज आणि लोखंडावर, मग सल्फेटवर, आणि काहीच उरलं नाही की मिथेन करतात. वास हायड्रोजन सल्फाइडचा, चिखलाचा काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा, बुडबुडे बहुतेक मिथेनचे. श्वास घ्यायच्या इतक्या तऱ्हा एका वीतभर चिखलात आहेत.

"रेंद्यात राहतं ते रेंदूळ, गांडुळासारखं." नाव तिनंच ठेवलं.

मी एकच अट घातली. याच्या अंगावर जे काही असेल त्याचा हिशोब लागला पाहिजे. मोटारीत एक वेढा कमी-जास्त झाला तर ती तापून जळते, जिवाचंही तसंच. तिच्या पहिल्या चित्रात रेंदळाला सहा डोळे आणि दोन शिंगं होती. मी ती पुसायला सांगितली नाही. फक्त प्रत्येक डोळ्यासाठी विचारलं, हा चिखलाखाली काय बघणार? महिन्याभरात तिनंच सगळे डोळे पुसले.

पहिला हिशोब पोटाचा होता. चिखलात खायला काय, जगायला ताकद कुठली? त्यासाठी आम्ही रानातला काळा रेंदा एका बरणीत भरला, वर पाणी ठेवलं. जुन्या सेलमधून काढलेल्या कार्बनच्या दोन कांड्या घेतल्या, एक रेंद्यात तळाशी रोवली, दुसरी वरच्या पाण्यात टांगली. पहिल्या दिवशी मल्टिमीटरवर ०.०४ व्होल्ट. अकराव्या दिवशी ०.३८. बरणीत सेल नव्हता, जस्त नव्हतं, काही नव्हतं. तळाचे जिवाणू कुजक्या पालापाचोळ्यातून इलेक्ट्रॉन काढून कांडीवर टाकत होते आणि ते इलेक्ट्रॉन वरच्या ऑक्सिजनकडे ओढ घेत होते. लेकीनं तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. रेंदळाचं जेवण मिळालं: खालच्या सल्फाइडपासून वरच्या ऑक्सिजनपर्यंतची ही ओढ.

आम्ही हे कल्पनेत ठरवलं आणि मग मला कळलं की पृथ्वीवर असा जीव खरोखर आहे. २०१२ साली डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी समुद्राच्या गाळात केबल जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. हजारो पेशी एकापुढे एक जोडून एक धागा होतो, दीड सेंटिमीटरहून लांब. धाग्याचं खालचं टोक सल्फाइडमध्ये, वरचं ऑक्सिजनमध्ये, आणि मधून वीज वाहते. खालच्या पेशी खातात, वरच्या पेशी सगळ्यांसाठी श्वास घेतात. पुढे संशोधकांना त्या धाग्यात लांबीभर जाणारे बारीक वाहक तंतू सापडले: आत निकेल असलेला प्रथिनाचा गाभा, त्यावर वीज न वाहणारं प्रथिनाचं आवरण. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या दुकानात रिळावर जी एनॅमलची तार आहे, आत तांबं आणि वर इन्सुलेशन, तीच रचना चिखलातल्या जिवाणूनं कधीची करून ठेवलीय, माणसानं पहिली मोटार भरायच्या आधीपासून.

तर रेंदूळ म्हणजे एक जिवंत केबल. लांबी बारा फूट, जाडी मनगटाएवढी. वरच्या टोकाला पिसांसारखा तुरा असतो, तो पाण्यावर पसरून ऑक्सिजन घेतो. तुऱ्याचा आकार आम्ही साताऱ्याच्या कास पठारावरच्या वायतुऱ्यावरून घेतला. दोन शेंगांसारखी दुभंगलेली ती फुलांची दांडी लेकीला फार आवडते. खालच्या टोकाला केसासारख्या मुळ्या काळ्या रेंद्यात उतरलेल्या. तोंड नाही, पोट नाही. याचाही पुरावा पृथ्वीवरच आहे: १९७७ साली गॅलापागोसजवळ समुद्रतळाच्या गरम झऱ्यांवर माणसाएवढे नळीकिडे दिसले, त्यांना ना तोंड ना आतडं, शरीरातले जिवाणू सल्फाइडवर जगतात आणि किड्याला जगवतात. रक्ताचा रंग जांभळट. काही समुद्री कृमींच्या रक्तात हेमेरिथ्रिन असतं, ऑक्सिजन मिळाला की ते जांभळं-गुलाबी होतं आणि संपला की फिकट. तुऱ्याजवळ रेंदूळ जांभळं आणि शेपटाकडे बिनरंगाचं, ते यामुळं.

आता हे राहतं कुठं. ग्रहाचं नाव ओलवण. तो एका लाल बटू ताऱ्याभोवती फिरतो. आपल्या आकाशगंगेतले दहातले सात तारे याच जातीचे, लहान आणि मंद. खऱ्यातला मासला म्हणजे ४० प्रकाशवर्षांवरचा ट्रॅपिस्ट-१. त्याच्याभोवती सात ग्रह असल्याचं २०१७ साली जाहीर झालं. अशा ताऱ्याच्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाचं एकच तोंड कायम ताऱ्याकडे राहतं, चंद्राचं आपल्याकडे राहतं तसं. म्हणजे अर्ध्या ओलवणावर कधी न सरणारा दिवस, अर्ध्यावर कधी न सरणारी रात्र आणि बर्फ. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात कायमची दिवेलागण. रात्रीकडचा बर्फ सरकत सरकत या पट्ट्यात येतो, वितळतो, आणि दलदल होते. ग्रहाचं वर्ष आपल्या आठ दिवसांचं. कक्षा थोडी लांबट असल्यानं तारा दर आठ दिवसांनी क्षितिजाच्या वर चार बोटं डोकावतो आणि परत बुडतो. आमच्या गावच्या बाजारासारखं, आठवड्याला एकदा ऊन.

उजेडाचं मला स्वतःला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. ट्रॅपिस्ट-१ सारख्या ताऱ्याचा पृष्ठभाग सुमारे २,३०० अंश सेल्सिअस असतो, आणि जुन्या पिवळ्या बल्बची तार जवळपास तेवढीच तापते. म्हणजे ओलवणाच्या दलदलीवर जो उजेड पडतो तो आमच्या दुकानातल्या बल्बच्या उजेडासारखा. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिनं ट्यूब बंद केली, बल्ब लावला आणि बराच वेळ बरणीकडे बघत बसली.

इथून पुढचं सगळ्यात अवघड प्रकरण. जिवाणू दीड सेंटिमीटरचा, रेंदूळ बारा फुटांचं. लांब केबल म्हणजे काय दुखणं असतं ते नदीवरून पाणी आणणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. डीपी लांब, मोटार लांब, मधे बारीक तार. टोकाला व्होल्टेज पडतो, मोटार हुंकारते, उचलत नाही आणि जळते. निम्म्या मोटारी माझ्याकडे याच कारणानं येतात. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली की पाव. रेंदळाकडे मुळात व्होल्टेजच एका व्होल्टच्या आत, त्यात गमवायला काही नाही. म्हणून त्याच्या अंगात एक तार नाही, लाखो बारीक तंतू शेजारी शेजारी आहेत. तरीही ताकद तुटपुंजी. म्हणून रेंदूळ संथ. तुरा पाण्याखाली ओढून घ्यायला त्याला अर्धा तास लागतो, एक वाक्य बोलायला एक आठवडा, म्हणजे त्याचं एक वर्ष. लेकीला आधी हे आवडलं नव्हतं. तिला पळणारं, झेपावणारं काहीतरी हवं होतं. पण गुणाकार तिनंच केला आणि उत्तर आल्यावर तिनंच मान्य केलं.

आणि इन्सुलेशन. ओल्या खाऱ्या मातीत उघडी तार टाकली तर करंट सगळा मातीत जाणार. बरणीचा प्रयोग आम्ही पुढं वाढवला तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. एकाच टपात कांड्यांच्या पाच जोड्या रोवून सिरीजमध्ये जोडल्या, तर व्होल्टेज काही पाचपट झाला नाही. मधला चिखलच सगळं शॉर्ट करत होता. त्याच पाच जोड्या पाच वेगळ्या बरण्यांत लावल्या आणि अंधारात लाल एलईडीचा एक ठिपका लागला. अगदी फिकट. पण लागला. लेकीची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली होती, तिनं खाली वाकून दोन्ही हातांचा आडोसा केला, दिव्याला करतात तसा.

त्यावरून रेंदळाच्या अंगावर व्हार्निश आलं. दुकानात मोटार भरून झाली की आम्ही व्हार्निश देतो आणि ती भट्टीत सुकवतो, तोच शब्द वहीत राहिला. हे व्हार्निश म्हणजे अंगातून पाझरणारा जाड बुळबुळीत थर. तो वीज बाहेर जाऊ देत नाही. दलदल आटली तर तोच थर सुकून कोष होतो. आफ्रिकेतला फुप्फुसमासा असाच तळ्याच्या चिखलात स्वतःभोवती अंगातल्या चिकट स्रावाचा कोष करून झोपतो, अमोनियाऐवजी युरिया साठवतो म्हणून स्वतःच्याच विषानं मरत नाही, आणि वर्षानुवर्षं पावसाची वाट बघतो.

व्हार्निशचा तिसरा उपयोग लेकीनं शोधला, आणि तो माझ्या मते सगळ्या वहीतला सगळ्यात चांगला विचार आहे. कोयनेच्या जंगलात, सातारा जिल्ह्यातल्या हुंबर्लीला देवगांडुळाची एक जात सापडली, २००४ साली तिला महाराष्ट्राचं नाव देण्यात आलं. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं पण असतं बेडकाच्या नात्यातलं. तिनं त्या कुळाबद्दल वाचता वाचता केनियातल्या एका जातीपाशी थांबून मला हाक मारली: तिथली आई स्वतःची कातडी पिलांना खाऊ घालते. कातडीचा वरचा थर त्या दिवसांत जाड आणि स्निग्ध होतो, पिलं तो कुरतडतात, परत येतो, परत कुरतडतात. "पप्पा, रेंदळाची पिलं आईचं व्हार्निश खातात." रेंदळाला तोंड नाही, पण पिलांना असतं, आणि तेवढ्यापुरतंच, मोठं होताना ते बुजतं. पिलं आईला वेढे घालून राहतात. त्या काळात आईचं इन्सुलेशन गेलेलं असतं, तिचा करंट चिखलात गळत राहतो, ती अशक्त होते आणि तिला बोलता येत नाही. आसपासची रेंदुळं तिच्या वाटचा तुरा पसरतात. हे लिहून झाल्यावर लेक आईशेजारी जाऊन बसली. का ते तिनं सांगितलं नाही.

बोलणं कसं ते लवकर सांगतो. रेंदूळ आपला करंट किंचित कमी-जास्त करतं, खाऱ्या रेंद्यातून तो फरक शेजाऱ्याला जाणवतो. पाणी जितकं खारं तितकी हाक लांब जाते. आम्हाला शिक्षा वाटलेला ९.२ चा आकडा ओलवणावर चांगल्या वस्तीचं लक्षण आहे.

आता इतिहास. हा भाग मी एकट्यानं लिहायला घेतला होता, कारण मला वाटायचं इतिहास म्हणजे मोठ्यांचं काम.

पहिल्या काळात रेंदुळं बोटाएवढी होती आणि तुरा कायम वरच असायचा. लाल बटू तारे शांत नसतात. त्यांच्यावर एकाएकी भडके उठतात आणि अतिनील किरणांचा मारा होतो. एका भडक्यात तुरे जळाले आणि जवळपास सगळी दलदल मुकी झाली. वाचली ती तुरा चिखलाखाली ओढणारी. पण तुरा खाली म्हणजे श्वास बंद. त्यांना श्वासाचा साठा लागला, आणि तो आम्ही नामिबियाच्या किनाऱ्यावरून उसना आणला. तिथल्या गाळात साध्या डोळ्यांनी दिसणारा एक जिवाणू राहतो, १९९९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो पोटातल्या मोठ्या पिशवीत नायट्रेट भरून ठेवतो आणि ऑक्सिजन नसेल तेव्हा त्यावर श्वास घेतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालावा तसं. भडका ओळखून तुरा आधीच खाली घ्यायचा, पिशवीवर दिवस काढायचे, अशी रेंदळांची शिस्त तेव्हा बसली.

ही आठवण पिढ्यान् पिढ्या टिकते कशी? मेंदू तर नाही. इथं मला माझ्या धंद्याचा एक जुना अभिमानाचा तुकडा उपयोगी पडला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकाची कायमची स्मृती कारखान्यातल्या बायकांनी हातानं विणलेली होती. बारीक चुंबकी कड्या, आणि त्यांतून जाणारी तार. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. वायंडिंग करणाऱ्या हातांनी चंद्राचा रस्ता लिहून ठेवला. आणि चुंबकी कण जिवंत शरीरातही असतात: काही जिवाणू अंगात मॅग्नेटाइटच्या कणांची माळ करतात, ते मेले तरी कण गाळात राहतात. तर रेंदूळ आयुष्यभर तंतूंच्या कडेला मॅग्नेटाइटचे कण बसवत जातं, काही या अंगाला, काही त्या अंगाला. मेलं की शरीर कुजतं, कणांची ओळ थरात पडून राहते. जिवंत रेंदूळ शेपूट खोल उतरवून जुन्या ओळींवरून फिरवतं आणि वाचतं. जितकं खोल तितकं जुनं. त्यांचे पूर्वज त्यांच्या पायाखालीच असतात.

आणि मग मोठी आटणी. रात्रीकडचा बर्फ सरकायचा थांबला, पिढ्यान् पिढ्या पाणी आलं नाही. दलदलीचा एक पट्टा मधे ओला राहिला, बाकी सगळी रेंदुळं कोषात गेली. पाणी परत आलं तेव्हा अडचण अशी झाली की झोपलेल्यांना उठवायचं कसं. ओल्या चिखलातून हाक जाते. सुकलेल्या मातीतून जात नाही, व्होल्टेज वाढवावा लागतो. विजेरी बाम हे सिरीजमधून साधतो, एका पेशीचे ०.१५ व्होल्ट, पण हजारो पेशी ओळीत. २०१९ साली वर्णन झालेल्या एका जातीत ८६० व्होल्ट मोजले गेले. मला वाट सापडली होती पण प्रसंग सापडत नव्हता.

तो लेकीनं आणून दिला, कारण तो तिनं पाहिला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या गावात लाईट नाही, फोन बंद, खालच्या गल्लीत छातीएवढं पाणी. ती तेव्हा लहान होती, माझ्या खांद्यावर. आम्ही गच्चीवर होतो. बोट कुठून येतेय, कोणाकडे आजारी माणूस आहे, दूध कुठं आहे, सगळं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओरडून पोचवलं जात होतं. एकाचा आवाज नदीपर्यंत जात नव्हता, पण वीस गच्च्या मिळून जात होता. तिनं वहीत लिहिलं: "रेंदुळं गच्च्यांसारखी उभी राहिली."

तशी उभी राहिली. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तुऱ्याला, वर अखंड व्हार्निश. १४० रेंदुळं, प्रत्येकी ०.७ व्होल्ट, ९८ व्होल्टची एक हाक. ती कोरड्या मातीत घुसली आणि कोष उकलायला लागले. ओळीच्या टोकाला जी होती त्यांच्या व्हार्निशवर सगळ्यात जास्त ताण आला, ते फुटलं, ती तिथंच संपली. त्यांच्या कणांच्या ओळी त्या थरात आडव्या पडल्यात, बाकी सगळ्या उभ्या असतात, म्हणून शेपटाला लगेच कळतं. वाचताना प्रत्येक रेंदूळ तिथं थांबतं. लेकीनं विचारलं, ज्यांना हाक पोचली नाही त्यांचं काय? आम्ही ठरवलं की ती अजून झोपलेली आहेत, आणि ओलवणावर दर पिढीला एकदा ओळ धरून हाक देतात, कोणी उठो न उठो.

महापूर ओसरल्यावर दोन महिने मी फक्त मोटारी धुवत होतो. गाळानं भरलेल्या, रांगेत ठेवलेल्या. त्या वासाची मला अजून सवय आहे, म्हणूनही कदाचित मी इतका वेळ या चिखलात राहू शकलो.

यंदा उन्हाळ्यात रानात भूमिगत निचऱ्याचं काम निघालं. सच्छिद्र पाईप चार फुटांवर पुरायचे, जमिनीतलं खारं पाणी त्यातून ओढ्याला सोडायचं, वरून गोडं पाणी देऊन मीठ धुवायचं. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून केलं, तसंच करावं लागतं, एकट्याचं पाणी एकट्याला काढता येत नाही. लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "पाणी काढलं तर रेंदूळ कुठं जाईल?"

उत्तर आप्पांनी दिलं. त्यांनी वही कधी हातात घेतली नव्हती, पण घरात बोलणं चालतं ते कानावर पडतच होतं. म्हणाले, त्या खोलगटातनं आधी वगळ जायची. ते लहान असताना तिथं मरळ धरायचे. ऊस आला तशी त्यांनी आणि चुलत्यांनी ती वगळ बुजवली, रान एकसारखं केलं. "पाणी तिथंच जाणार. त्याला दुसरी वाट माहीतच नाही." मग त्यांनी ताटाशेजारी पाण्याचं बोट ओढून वगळ कुठून कुठं जायची ते फरशीवर काढून दाखवलं. इतकी वर्षं ते बांधावरून माघारी का फिरायचे ते मला त्या बोटाकडे बघताना कळलं.

चर खणताना आप्पा रोज आले. चार फुटांवर निळसर करडी माती लागली, जुन्या मुळ्यांच्या वाटांभोवती तांबड्या गंजाच्या नळ्या होत्या, जिथून कधीकाळी खाली ऑक्सिजन उतरला होता तिथं लोखंड गंजून बसलेलं. आप्पांनी चरात वाकून तो एक गोळा काढला आणि नातीच्या हातात दिला. ती सहावी बरणी.

निचऱ्याच्या तोंडाशी, ओढ्याला लागून, चार-पाच गुंठे आम्ही तसेच पाणथळ ठेवलेत. पाणकणीस तिथं आहे, शेकाट्याही येतात. बरण्या दुकानात व्हार्निशच्या डब्यांच्या वरच्या फळीवर आहेत. मी रानात किंवा गिऱ्हाइकाकडे गेलो की दुकानात आप्पा बसतात. मीटर कसा लावायचा ते लेकीनं त्यांना शिकवलं. काल रात्री दुकान बंद करताना वही उघडून पाहिली. सहावी बरणी, दिवस ९, ०.२७. त्याखाली आप्पांच्या अक्षरात: पाणी कमी झालं होतं. ओतलं.